आत्याची गाठ आणि दोनदा विचारणं

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्यामुळे कन्नड तालुक्यातल्या आत्याच्या छातीतली गाठ काढायच्या आदल्या संध्याकाळी, शस्त्रक्रिया विभागाच्या प्रयोगशाळेतली एक संशोधक वॉर्डातल्या आमच्या खोलीत आली आणि काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासाला द्याल का म्हणाली, तेव्हा माझ्या डोक्यात मथळासुद्धा तयार झाला.

"गरिबांच्याच अंगाचे तुकडे का हवेत?" मी विचारलं.

"छावणीतल्या बंगल्यातल्या बाईंनाही विचारलंय," ती शांतपणे म्हणाली आणि आत्याकडे वळली. "मावशी, यात तुमचा काही फायदा नाही. नाही म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल. आज उत्तर नको. सकाळी येते."

रात्री झोप लागेपर्यंत मी आत्याला हक्क समजावले. ती नुसती "व्हय, व्हय" करत राहिली.

सकाळी ती संशोधक पांढरा कोट न घालता आली. त्या प्रयोगशाळेची रीतच होती: दोनदा विचारायचं, दुसऱ्यांदा एकटीला. तिनं डॉक्टरांना खोलीबाहेर जायला सांगितलं, नर्सला सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही."

"मी तिच्या बाजूची आहे!"

"म्हणूनच."

मी बाहेर धुमसत उभी राहिले. थोड्या वेळानं दार उघडलं. "देते म्हणाल्या. पण ती गाठ कुठं ठेवता ते दाखवा, अशी अट आहे."

टाके काढायला गेलो तेव्हा तिनं अट पाळली. लहानशी खोली, घरघरणारे फ्रीज. आत्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेवर गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची दाटी.

"हीच का ती? लई नटलीय की मेली!" सगळी खोली हसली. "मग, काय बोलली का ही?"

"अजून नाही, मावशी. मी इथं असेपर्यंत बोलेल याचीही खात्री नाही."

इतकं सरळ उत्तर मी एकाही सभेत ऐकलेलं नाही.

जिन्यावर आत्यानं मला थांबवलं. "आता तुझं पत्रक निघणार व्हय?"

"चांगलं लिहीन गं."

"आधी मला इचार. दोनदा."

पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाय म्हणाली. महिन्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा शेंगा निवडता निवडता म्हणाली, "लिही. नाव तेवढं घालू नको."