रिकाम्या चौथऱ्याचा हार

आधी ताईंचं सांगते, मग काय घडलं ते.

ताई म्हणजे आमच्या मालकांची थोरली बहीण. मुलुंडला एकट्या राहतात. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीत केली. देशात वर्षभरात नवी यंत्रं किती बसली, इमारती, रस्ते, धरणं किती झाली, याचा हिशोब जिथे लावतात तिथे. असा हिशोब कुणी लावत बसलेलं असतं हे मला भांडुपच्या गाळ्यात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मी नववीत शाळा सोडलेली. गाव गोंदियाच्याही पुढे. मावसबहिणीच्या आधाराने इथे आले, तिचं बिऱ्हाड नाशिकला हललं आणि मी मागे राहिले, आणखी दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत. आज माझ्या हाताला काम आहे ते ताईंमुळे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे गोष्ट मशीनची होऊन बसते आणि माणूस मागे पडतो.

आमच्या गाळ्यात लोणच्याच्या बरण्यांची झाकणं बनतात. मशीनच्या डोक्यावर प्लास्टिकचा दाणा भरायचा, तो आत वितळतो, साचा मिटतो, उघडतो, झाकणं खाली पडतात. झाकणाच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो, तो सुरीने कापायचा. मशीनवर मी आणि पापुद्रा कापायला मालवणच्या काकी. काकी माझ्या आधीपासून तिथे होत्या. माझं 'करून राहिले, बोलून राहिले' ऐकून पहिल्या दिवसापासून चिडवायच्या, "काय गो, जेवून रवलंस?" त्यांच्या तोंडाला लगाम नव्हता आणि त्यांच्या डब्यातला अर्धा मासा रोज माझ्या डब्यात असायचा.

मी आले तेव्हा मशिनी सहा होत्या. दर खंडेनवमीला त्यांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी तेलाच्या फडक्याने पुसून काढायच्या, दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, आंब्याची पानं, प्रत्येकीला झेंडूचा हार, नारळ, पेढे. मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. हार आणायचं काम पहिल्या वर्षीच माझ्याकडे आलं ते कायम राहिलं. म्हणून मला गाळ्याची हालहवाल हारांवरून कळायची. सहाचे पाच झाले, मग चार. मशीन बिघडली की भाऊ, म्हणजे मालक, दुरुस्त करायचे, पुन्हा दुरुस्त करायचे, आणि अगदीच थकली की भंगारवाला यायचा. नवी आली नाही. आजूबाजूचे गाळेही असेच एकेक करून बदलत गेले. डावीकडे पार्सलवाल्यांचं गोडाऊन झालं, समोर जिम, वरच्या मजल्यावर केक बनवणाऱ्यांचं किचन. शटरबाहेर मात्र रोज काहीतरी नवं उभं राहत होतं. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, चाळी पाडून टॉवर, टॉवरच्या डोक्यावर क्रेन.

त्या वर्षी पावसाळ्यात सगळ्यात जुनी, मोठी मशीन गेली. मागे तिचा सिमेंटचा चौथरा उरला, चार कोपऱ्यांवर चार बोल्ट वर आलेले. त्यावर आम्ही रिकामे खोके रचायला लागलो. त्याच सुमारास कळलं की गोडाऊनवाल्याला आमचाही गाळा भाड्याने हवा आहे. गाळा अर्धा ताईंच्या नावावर, तेव्हा त्यांची सही लागणार. ताई वर्षातून एकदाच यायच्या, खंडेनवमीला. भाऊ त्याच दिवशी सही घेणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाळा गेला की माझं काम जाणार, काम गेलं की खोली. दुसरीकडे कुणी विचारलं, तुला काय येतं, तर सांगायला ह्या मशिनींपलीकडे काही नव्हतं. गावी आई दर फोनला विचारायची, "कसं काय चालून राहिलं तुझं?" मी म्हणायचे, मस्त.

स्टेशनबाहेरच्या फूलवालीने विचारलं, "काय गं, यंदा किती?"

मशिनी उरल्या होत्या तीन. पण आमच्या घरी तांदूळ संपले असं म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत. सणासाठी घ्यायच्या वस्तूला 'एक कमी द्या' म्हणायला माझी जीभ उचलेना. म्हटलं, "चारच की."

पूजेत तीन हार मशिनींवर चढले आणि चौथा ताटात राहिला. काकींचं लक्ष नाही असं कधी होतच नसे.

"काय गो, ह्यो खयचो हार? पावणो येवच्या आदी पाट मांडून ठेवलंस मां?"

माल उतरवणारे दोघे हसले. भाऊ म्हणाले, "दरवाज्याला बांध तो, उगाच फुकट कशाला."

"थांब रे," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कुणासाठी आणलास?"

"मोठ्या मशीनचा, ताई."

"ती गेली ना भंगारात?"

"हो."

ताईंचे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे. धरून धरून त्या चौथऱ्यापर्यंत गेल्या, खोके बाजूला करायला लावले आणि हार त्या चार बोल्टांभोवती फिरवून घातला. सिमेंटला हळदकुंकू लावलं.

"सिमेंटची कसली पूजा करतेस ताई," भाऊ म्हणाले.

"अण्णांची गिरणी बंद झाली तेव्हा हातात आलं ते ह्या चौथऱ्यात ओतलंय त्यांनी. तू तेव्हा गोट्या खेळत होतास." अण्णा म्हणजे त्या दोघांचे वडील.

भाऊंनी विषय काढलाच. गोडाऊनवाला चांगलं भाडं देतोय, मशिनी किलोवर घेणारा माणूस आहे, फक्त सही हवी. ताईंनी विचारलं, "आणि ह्या दोघी?" भाऊ पेढ्याचा बॉक्स उगाच उघडत-मिटत राहिले. मी चौथऱ्याकडे बघत होते. कुणाच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता.

ताई खुर्चीवर बसल्या. जे बोलल्या ते भांडणाच्या सुरात नव्हतं, बातम्या सांगाव्यात तसं होतं.

"मी नोकरीला लागले ना, तेव्हा सगळं मोठं सरकारच उभारायचं. धरणं, पोलादाचे कारखाने. मग हळूहळू खाजगी लोकांचे आकडे वर यायला लागले. मध्ये तर असा काळ आला, आमचे साहेब म्हणायचे, बाई, जो उठतो तो मशीन घेतोय, आपल्याला चहाला सवड नाही. मग हात आखडले. कर्जं बुडाली, माणसं घाबरली. आता आलेखाची रेघ पुन्हा वर चाललीय म्हणतात. पण कशाने, ते बघ." त्यांनी शटरबाहेर हात केला. "पूल, रस्ते, टॉवर. हवेतच ते, मी नको म्हणत नाही. पण तुझ्यासारखा गाळेवाला मशीन घेत नाही, गाळा भाड्याने देतो."

"तुझा देश बाजूला ठेव गं. माझं काय ते बोल. पोरगा ह्या धंद्यात यायचा नाही."

"तुझंच बोलतेय. दरवर्षी दुरुस्ती करतोस, पण दुरुस्ती म्हणजे नवं काही नाही. जुनं झिजतं तेवढं आमच्या हिशोबात वजा होतं. नवं घातलंच नाहीस तर नुसती वजाबाकी चालू राहते."

"बरं, घेतली समज नवी मशीन. चालवणार कोण? स्क्रीन असते तिला, सगळं इंग्रजीत. शिकलेला माणूस माझ्या गाळ्यात कशाला येईल?"

"हार कुणी आणला?" ताईंनी विचारलं.

"हिनाच!" काकी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मशीन येयपर्यंत आता तूच घालून बस तो गळ्यात."

"ही शिकेल," ताई म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, मी नववीतच शाळा सोडलीय." 

"मग आठवीपर्यंतचं इंग्रजी येतं म्हणायचं. शिमग्यापर्यंत मी सही करत नाही. तोवर हिला मी शिकवते. हिला जमलं तर मशीन घे, माझी ठेव मी त्यात घालते. नाही जमलं तर तू सांगशील तिथे सही."

मला आनंद व्हायला हवा होता. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी जेवले नाही. आधी निदान गाळा बंद झाला असता तर तो भाऊंनी केला असता. आता तो माझ्या न वाचता येण्याने बंद होणार होता, आणि काकींचं कामही त्यातच.

दर रविवारी मुलुंडला जायला लागले. भाऊंनी मशीनवाल्यांकडून तिचं जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं. ताईंनाही त्यातलं यंत्र कळत नव्हतं, शब्द तेवढे कळत होते. त्यांनी घरभर इंग्रजीत चिठ्ठ्या डकवल्या. गॅसवर हीटिंग, फ्रिजवर कूलिंग, तांदळाच्या डब्यावर हॉपर, म्हणजे मशीनची दाणा भरायची जागा. स्वयंपाकघराच्या दारावर एका बाजूला ओपन, दुसऱ्या बाजूला क्लोज. घावणे घालता घालता त्या ओरडायच्या, "डोअर क्लोज!" की मी जाऊन दार लावायचं. "ओपन!" की उघडायचं. एकदा पातेल्यात दूध ओतायला आलेला दूधवाला बिचारा दोनदा स्वयंपाकघराबाहेर राहिला. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मशीन शिकून राहिली म्हणते, मंग पगार वाढून राहिला का?"

मध्ये मी जाणं बंद केलं. 'प्रेशर' आणि 'टेम्परेचर' पुन्हा पुन्हा उलटसुलट होत होतं. अक्षरं दिसायची, शब्द दिसायचा नाही. ताप आहे असं कळवलं. पुढच्या रविवारी पुन्हा ताप. त्या दिवशी ताईंचा फोन आला. "उतरला का गं ताप? उतरला असेल तर तू ये. नसेल तर औषध घेऊन मी येते. तुझ्या चाळीचे जिने मला झेपत नाहीत, तेव्हा काय ते बघ." मी गेले. तापाचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एकदा मीच विचारलं, "ताई, तुम्ही मला शिकवता, हे तुमच्या त्या हिशोबात धरतात का?"

"नाही गं. मशीन धरतात, ती आणून बसवायला जे लागलं तेही धरतात. माणूस शिकवला तर तो नुसता खर्च." मग चहाचा कप विसळता विसळता म्हणाल्या, "गंमत बघ. उभा जन्म यंत्रांचे आकडे मांडले, पण एकही यंत्र माझ्या हाताने सुरू केलं नाही. कुणी म्हटलंच नाही, बाई, दाबा बटण."

शिमग्याच्या आधी भाऊ मला मशीनवाल्यांच्या वसईच्या शेडमध्ये घेऊन गेले. त्यांचा माणूस हिंदीत भराभर सांगत होता. मी बसले, त्याने सांगितलं ते दाबलं, मशीन दोनदा चालली आणि थांबली. वरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. माणूस मुद्दाम बाजूला झाला. भाऊ घड्याळाकडे बघायला लागले. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली होती. मी ती अक्षर अक्षर वाचायला घेतली आणि मध्येच ताईंचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. डोअर ओपन. मशीनच्या पुढची दारासारखी सरकती जाळी बोटभर उघडी राहिली होती. ती ओढून लावली, बटण दाबलं. मशीन चालू झाली.

भाऊंनी परतताना स्टेशनजवळ मला उसाचा रस पाजला, आणि दुसरा ग्लास न विचारता मागवला.

मशीन आली ती उन्हाळ्यात. जुने बोल्ट नव्या मशीनला जुळेनात. ते ग्राइंडरने कापले, सिमेंटमध्ये नवी भोकं पाडली. तोवर हार तिथेच होता, वाळून काळा पडलेला. साफसफाईत कुणी उचलायला गेलं की काकी ओरडायच्या. शेवटी त्यांनीच तो काढला आणि निर्माल्यात ठेवला.

नवी मशीन झाकण इतकं स्वच्छ सोडते की कडेला पापुद्रा राहत नाही. हे आधी कुणी बोललं नव्हतं. मला वाटतं भाऊंना माहीत होतं, ताईंना नसावं. महिन्याभरात भाऊंनी दोन जुन्या मशिनी काढल्या आणि काकींना हिशोब करून दिला. जायच्या दिवशी काकींनी डबा उघडला, अर्धा मासा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुझ्या पावण्यान माझोच पाट ओढून घेतल्यान गो." हसत म्हणाल्या. मला हसता आलं नाही. आता त्या वरच्या मजल्यावर केकचे खोके भरतात. जिन्यात भेटतात, चिडवतात, कधी चिडवत नाहीत.

ताईंनी मशीन अजून बघितलेली नाही. ती बसली त्याच आठवड्यात त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. मी रविवारी जातेच, पण आता घावणे मी घालते. दारावरच्या चिठ्ठ्या तशाच आहेत. त्या विचारतात, "चालते ना गं?" मी म्हणते, चालते.

यंदा खंडेनवमीला फूलवालीला दोन हार सांगितले. आकडा सांगताना पुन्हा जीभ अडखळली, पण सांगितला.

ताई, तुम्ही हे वाचाल तेव्हा नाही म्हणू नका. डॉक्टर परवानगी देतील त्या दिवशी मी रिक्षा तुमच्या दाराशी आणेन. गाळ्याला पायऱ्या नाहीत, हे मी बघून ठेवलंय. माझ्या स्टुलाला पाठ नाही, तुमच्यासाठी पाठीची खुर्ची आणेन. दाणा मी भरून ठेवेन, जाळी मी लावेन. हिरवं बटण तुम्ही दाबायचं. तुमच्या इतक्या रविवारांची फेड तेवढ्याने होत नाही, हे मला कळतं. बाकीची पण मी करणार आहे, ताई. सुरुवात तिथून करेन.