आतली सूज

धम्मपाल पगारे अंबडच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होता. पार्ट हातात आला की व्हर्नियर लावायचा, माप चुकलं की लाल ठिपका, पीस रिजेक्ट. सुपरवायझरने डोळे वटारले तरी पठ्ठ्या बधायचा नाही. हा लग्नाची तारीखही व्हर्नियर लावून सांगतो, असं लोक चिडवायचे.

गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला, स्टेंट टाकावा लागला. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल आटोक्यात आहे, पण रक्ताच्या रिपोर्टात सूज अजून दिसते. रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून धुमसतायत, तिथला चरबीचा थर केव्हाही फुटेल. त्यांनी सूज उतरवणारी एक बारीकशी गोळी वाढवली.

धम्मपालला ध्यास एकच, कारखान्याच्या लाइनवर परत उभं राहायचं. गोळीने मात्र पोट बिघडलं, आणि घडीघडी संडासला पळणारा इन्स्पेक्टर कोण ठेवणार? डॉक्टरांना विचारायचं सोडून त्याने आपलं कारखान्यातलं डोकं चालवलं. आत दोष असला की तो बाहेरच्या मापात उतरतोच, हा त्याचा जन्माचा अनुभव. रोज सकाळी तो स्वतःच्या घोट्याला व्हर्नियर लावू लागला. महिनाभर अडुसष्ट मिलिमीटर, रेषेचाही फरक नाही. मग सूज कुठली? त्याने गोळी बंद केली आणि बायकोला, मनीषाला, पत्ताही लागू दिला नाही. इतका चोख माणूस, चुकला तोही मोजूनमापून. संताप येतो, पण काढायचा कोणावर?

पोट शांत झालं, तो कामावर रुजू झाला. सातव्या आठवड्यात दुसरा अटॅक आला, लाइनवरच कोसळला. जीव वाचला, पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. गोळी चालू असती तर हे टळलं असतं का, असं त्याने डॉक्टरांना तीनदा विचारलं.

"शक्यता कमी झाली असती," डॉक्टर म्हणाले. "खात्री मीही देऊ शकत नाही."

ही शक्यता मोजायची कशाने, याच विचाराने तो आता झुरत असतो. कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला.

हृदय कमी पडू लागल्यापासून पाय खरोखरच सुजतात. काल सकाळी त्याने कपाटातून व्हर्नियर काढून घोट्याला लावला. त्र्याहत्तर भरले.

"मनीषा," तो म्हणाला, "आता दिसतेय बघ सूज. हा पीस रिजेक्ट."

मनीषाने त्याच्या हातातून व्हर्नियर काढून घेतला आणि तळहातावर सकाळची गोळी ठेवली. ती त्याने निमूटपणे गिळली.