अवाच्य म्हणून नोंदवायचा रुमाल

"हातमोजे नाहीत का हो इथं? हिला द्या की."

बापूसाहेब एवढंच म्हणाले. माझ्याकडे न बघता, आमचे प्रमुख असलेल्या सरांकडे बघून.

त्याआधी अर्धा तास ते माझ्याशी चांगलं बोलत होते. त्यांच्या घराण्याचं जुनं दप्तर मी त्यांना उलगडून दाखवत होते. मोडीतली ओळ वाचायची, मग सोप्या मराठीत सांगायची. ते खूश होते. सुनेला म्हणाले, "बघ, आपल्या घरचं कसं वाचतेय." मग मला विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?"

मी सांगितलं. कऱ्हाडच्या अलीकडचं, कृष्णाकाठचं. त्यांचंच गाव.

"असं? कुणाची तू?"

मी आबाचं, माझ्या वडलांचं, नाव सांगितलं. आडनावासकट.

मग हातमोजे.

जुन्या कागदाला मोजे घालून हात लावायचा नसतो, हे सरांनीच मला शिकवलेलं. मोज्यातून कागदाची कड कळत नाही, कागद फाटतो. हात धुवायचे, कोरडे करायचे, बास. सर त्यात पीएचडी झालेले. तरी ते उठले. मोरीजवळच्या फळीवरून मावशी फिनेल टाकताना घालतात ते पिवळे रबरी मोजे घेऊन आले. माझ्यापुढं ठेवले.

मी घातले.

सून उघड्या हातानं कागद उलटत होती. तिच्या बोटांना पेढ्याचं तूप होतं. तिला कुणी काही म्हणालं नाही.

हे सांगलीच्या विश्रामबागेतलं. विद्यापीठाचं अभिलेखागार आहे तिथं. आम्ही दप्तरखानाच म्हणायचो. साताऱ्या-सांगलीकडच्या जुन्या घराण्यांनी आपल्या जमिनींचे, इनामांचे, भांडणांचे कागद तिथं द्यायचे. आम्ही ते साफ करायचे, वाचायचे, त्यांची नोंद करायची. मी कंत्राटावर होते. मोडी येणारी मी एकटीच. बापूसाहेब, म्हणजे आमच्या गावच्या इनामदारांच्या घरातले थोरले, त्यांनी पहिल्यांदा दप्तर दिलं. त्या दिवशी त्याचा समारंभ होता. फोटो काढताना सर हळूच म्हणाले, "तू जरा बाजूला हो." मी झाले.

ते मोजे मी का घातले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. नोकरी जाईल म्हणून, हे खरं. पण हात आपोआप पुढं गेला, हे जास्त खरं. आबाचे हात असेच पुढं जायचे. चावडीत, तहसीलात, कुठंही.

आमच्या वस्तीची जमीन होती नदीकडंला. हाडकी म्हणायचे तिला. गावची कामं करण्याबद्दल आमच्या माणसांना पिढ्यानपिढ्या लावून दिलेली. ती इनामदारांकडं कशी गेली, कुणाला ठाऊक नव्हतं. आबा त्याच रानात रोजानं तण भांगलायला जायचा. उसाच्या सरीत बसून मला म्हणायचा, "ह्यो बांध हाय न्हवं, हितनं पल्याडपतूर आपलं हुतं." मी लहान होते. मला वाटायचं, सगळेच बाप असं काहीतरी सांगत असतील.

तहसीलात आबा किती वेळा गेला, त्याला गणती नाही. कारकून मान वर करायचा नाही. "कागद आण," म्हणायचा. आबा विचारायचा, "कुठनं आनू साहेब?" कारकून म्हणायचा, "ते मी सांगू?" एकदा मी बरोबर होते. परत येताना आबा एसटीत खिडकीकडं तोंड करून बसला.

मी मोडी शिकले ती त्या कागदासाठी. हे मी सरांना कधी सांगितलं नव्हतं.

समारंभानंतर तीन आठवड्यांनी तो कागद माझ्या हातात आला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. त्या दप्तरातला शेवटून दुसरा रुमाल. आत आमच्या हाडकीचा कागद. माझ्या आज्ज्याचं नाव. खाली लिहिलेलं, की ही जमीन मी राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्या दडपणाशिवाय सोडून देत आहे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शाईचा काळा ठसा.

साल मी पुन्हा पुन्हा वाचलं.

शनिवारी गावी गेले. आबाला सगळं सांगितलं. तो काही न बोलता उठला, पत्र्याची पेटी उघडली आणि आज्ज्याचं पलटणीतून सुटतानाचं पुस्तक काढलं. भरती कधी, सुटका कधी, सगळं त्यात. त्या साली आज्जा ब्रह्मदेशात लढाईवर होता. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याची सही होती. वाकडीतिकडी, पण सही. पलटणीत तो लिहायला शिकला होता.

आबानं त्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मंग त्यो अंगठा कुणाचा आसल गं?"

आमच्यातल्याच कुणाचा तरी असणार. धरून आणलेल्या, उपाशी, भ्यालेल्या कुणाचा तरी. आबालाही तेच सुचलं असावं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गप ऱ्हा. तुजी नोकरी हाय." आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "आवं, तिला काय गप बशीवताय? तुमी गप बसून काय मिळालं?" आबा उठून बाहेर गेला.

सोमवारी सरांनी बोलावलं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "बापूसाहेबांचा फोन होता. हाडकीचा कागद चुकून दप्तरात आलाय म्हणाले. शेवटून दुसरा रुमाल नोंदीत कीडग्रस्त म्हणून टाक. अवाच्य."

"वाचता येतोय सर तो."

"तुला येतोय. नोंदीत नको."

मी उभीच. सर चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "हे बघ, अजून तीन घराणी दप्तर देणार आहेत. पहिल्याच घराला दुखावलं तर कोण देईल? इतिहासाचं केवढं नुकसान होईल, याचा विचार कर."

सर वाईट माणूस नव्हते. माझी फी एकदा त्यांनी भरली होती. म्हणूनच जास्त लागलं. इतिहासाचं नुकसान त्यांना दिसत होतं. समोर उभी असलेली मी दिसत नव्हते.

मी जागेवर येऊन बसले. संगणक उघडला. अवाच्य हा शब्द टाइपही केला. तेवढंच करायचं होतं. एंटर दाबलं की पगार चालू, खोली चालू, सगळं चालू. माझं बोट तसंच राहिलं. समारंभाच्या दिवशी गेला होता तसाच हात पुढं जात होता आणि मी त्याच्याकडं बघत होते. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

मी तो शब्द खोडला. रुमालात जे होतं ते सगळं लिहिलं. कागद कुठला, जमीन कुठली, नाव कुणाचं, साल कुठलं, निशाणी कसली. शेवटी लिहिलं, 'अक्षर स्वच्छ. कीड नाही.' आणि नोंद पक्की केली.

दुपारी सर आले. "काय केलंस हे?"

"वाचलं ते लिहिलं."

"कुणाला विचारून?"

"वाचायला कुणाला विचारावं लागतं, सर?"

संध्याकाळपर्यंत नोंद पुसलेली होती. महिनाअखेरीला कंत्राट संपलं. जाताना गेटवर पहारेकऱ्यानं माझी पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, हातरुमाल, पॅड, कंगवा. सगळ्यांसमोर. कागद सापडला नाही, कारण मी घेतला नव्हता. मी चोर नाही. चोरीचा कागद तर आत होता.

त्यानंतर काही चांगलं झालेलं नाही. तहसीलात गेले, तर मूळ कागदाची प्रमाणित प्रत मागतात. दप्तरखान्यात गेले, तर रुमाल डागडुजीला गेलाय म्हणतात. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर असा कागद नोंदीत नाही असं उत्तर आलं. रानात ऊस उभा आहे. आबा आता त्या बाजूला जात नाही. जेवतो, झोपतो, विचारत काही नाही. कधीकधी मला वाटतं, मी त्याला ते सांगायलाच नको होतं.

पण तिथं वाचकांसाठी एक नियम आहे. मागणीची चिठ्ठी भरून दिली की ती वहीत चढवावी लागते, आणि कागद द्यायचा नसला तर कारण लिहून सही करावी लागते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पहिल्या एसटीनं सांगलीला जाते. रुमालाचा नंबर लिहून चिठ्ठी देते. पहिल्यांदा त्यांनी घेतलीच नाही. मी पायरीवर बसले. बंद करायच्या वेळेला घेतली. आता घेतात. नकार देतात, कारण लिहितात, सही करतात. नकाराची नक्कल मी मागून घेते. रुमाल आहे, हे तरी त्यांच्याच सहीनं राहतं.

मागच्या खेपेला सर दारात भेटले. दमल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "किती दिवस येणार आहेस अशी?"

मी म्हणाले, "मी एकतीस वर्षांची आहे, सर."

आणि चिठ्ठी पुढं केली.