मागे बसलेली माणसे

जड माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या खुर्चीसमोर धातूची एक पट्टी असते. गाडीने जास्तीत जास्त किती वजन उचलावे, ते तिच्यावर कोरलेले असते. माझ्या गाडीची मर्यादा दोन टनांची होती. त्या सकाळी डोंबिवलीतल्या आमच्या गोदामासमोर ट्रक उभा राहिला, तेव्हा त्यातल्या दोन्ही लाकडी खोक्यांवर दोन हजार तीनशे किलो असे लिहिलेले मी दोनदा वाचले.

कळव्यात पदार्थविज्ञानाच्या शिकवण्या घेणे सोडून, चाळिशी उलटल्यावर मी हे काम शिकले होते. तरफेचा नियम मी फळ्यावर असंख्य वेळा समजावला होता. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणणे मात्र मला कधी साधले नव्हते.

“सर, वजन जास्त आहे,” मी सुपरवायझरना म्हणाले. बहुधा फारच हळू म्हणाले असावे.

“अहो मॅडम, मागे दोघं बसतील, झालं! इकडे असंच उचलतात. क्रेन चारला येणार, ट्रकवाला थांबेल का तोपर्यंत?”

गाडीच्या मागच्या बाजूला तोल राखणारा जड लोखंडी ठोकळा असतो. त्यावर दोन हमाल चढून बसले. त्यांतले एक साठीचे काका होते, खाडीकाठच्या गावातले.

“चल गो ताय,” ते म्हणाले. “आमचा वजन कमी परला तं घरशी म्हातारीला बोलावतो!”

सगळे हसले. मीही हसले, आणि लिव्हर ओढला.

खोका ट्रकच्या फळीपासून वीतभर उचलला गेला. खोका खाली घेता यावा म्हणून ट्रक पुढे सरकला. आता खोक्याखाली छातीभर उंचीची पोकळी होती आणि तो परत ठेवायला जागा उरली नव्हती. मास्ट, म्हणजे गाडीचा पुढचा उभा सांगाडा, किंचित मागे झुकवून मी तो उतरवू लागले. माझा हात घामाने ओला होता. लिव्हर क्षणभर निसटला आणि उतरता खोका हिसका देऊन थांबला.

मागची चाके उचलली गेली. खुर्ची माझ्याखाली वर चढताना मला स्पष्ट जाणवली. मग चाके आपटली, पण पुरती टेकल्यासारखी वाटेनात.

आरशात दिसले, की काकांनी एक पाय खाली सोडला आहे. ते उडी मारणार होते. त्यांचे वजन गेले असते तर गाडी पुढे कलंडली असती, आणि जोडीदार वर फेकला जाऊन नेमका काकांच्याच अंगावर आला असता.

“उतरू नका! काका, पाय वर घ्या! कुणीही हलू नका!”

हा आवाज माझा होता. काकांनी पाय वर घेतला. मी लिव्हर दोन बोटांनी ढकलत राहिले, न थांबता, न घाई करता. सुपरवायझर काहीतरी सांगत होते; मी ऐकले नाही. खोका जमिनीला लागला तेव्हा फार बारीक आवाज झाला.

“बघा, झालं की नाही?” सुपरवायझर म्हणाले आणि त्यांनी ट्रक मागे घ्यायला सांगितले. दुसरा खोका बाकी होता.

काका जागेवरून हलले नव्हते.

“काका, आता खाली उतरा,” मी म्हणाले.

“अगो, मंगाशी उतरू नको, आता उतर! तुजा काय खरा मानायचा?”

“दोन्ही खरं आहे. दुसरा खोका मी उचलणार नाही.”

सुपरवायझर जवळ आले. “मॅडम, तुमच्या आधीचा माणूस रोज उचलायचा.”

“उचलत असेल. मी नाही उचलणार.”

मी खुर्चीवरच बसून राहिले. काका आधी उतरले. त्यांनी जोडीदारालाही उतरायची खूण केली आणि दोघे गोदामाच्या सावलीत जाऊन बसले. ते बसलेले पाहिल्यावर मी इंजिन बंद केले आणि किल्ली मुठीत घेतली.

क्रेन साडेचारला आली. तोपर्यंत ट्रकवाला मला ऐकू जाईल असे बोलत राहिला आणि मी ते सगळे ऐकून घेतले.