समासातली पेन्सिल

आकाशाची ओढ माणसाला अनादी काळापासून आहे, म्हणतात. शनिवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात ती एका कपाटात मावत होती. वरच्या खणात लढाऊ विमानांची मासिके, खालच्या खणात विज्ञानकथा. दोन्ही खण वाचणारे आम्ही दोघेच, मी आणि एक गृहस्थ. त्या गृहस्थांचे नाव मी कधी विचारले नाही. ओळख होती ती समासातल्या त्यांच्या पेन्सिलीशी. वीस वर्षे ते छापलेल्या चुका दुरुस्त करत होते.

एकदा मी म्हटले, "अहो, कथा आहे ती."

"अवकाशात हवा नाही आणि हा नायक पंख कलवून यान वळवतोय!" त्यांनी पेन्सिल माझ्यावरच रोखली. "हवा कुठून आणली? लेखकाच्या डोक्यातून?"

मग वाचनालयाच्या जागी संगणकाचे क्लास आले. गृहस्थ जागेच्या मालकांना म्हणाले, "त्या कपाटातलं सगळं मला द्या."

"सकाळीच रद्दीत गेलं. तुम्ही खरडलेलं कोण घेणार होतं? आता जरा भविष्याकडे बघा, साहेब."

गृहस्थांचे कान लाल झाले. माझेही.

"बघतो ना," म्हणत ते बाहेर आले. दारावर क्लासची नवी पाटी होती. ताऱ्यांमधून झेपावणारे लढाऊ विमान, आणि जमिनीवर उतरताना काढतात तशी त्याची चाके बाहेर. मालकांचेच स्टूल घेऊन ते वर चढले, मी स्टूल धरून ठेवले. चाकांभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढला. मग दात खाऊन, दाबून पुन्हा काढला.

ऑइलपेंटवर पेन्सिल उमटत नाही.