लॉबीतला गोठा

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी दर डिसेंबरला लॉबीत येशूजन्माचा गोठा मांडतो, बिनअंड्याचा केक कापतो आणि लाल टोपी घालून नाताळचा खरा अर्थ समजावतो. प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याच्या दंडावर बोट टोचून विचारतो, "बरोबर ना?"

गेल्या वर्षी तो गोठ्यात पेंढा पसरत असताना मी वसईच्या एका नर्सबाईंना घेऊन आलो. दुसऱ्या मजल्यावरची माझी रिकामी जागा त्यांना भाड्याने द्यायचं मी कबूल केलं होतं. त्यांचं ख्रिस्ती आडनाव ऐकून हा ढोंगी पेंढा झटकत म्हणाला, "मॅडम, तुम्ही चांगल्याच आहात हो. पण मच्छीचा वास येणार, लोक ओरडणार. बरोबर ना, काका?"

दर रविवारी माझ्या घरी बांगडे तळतात, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

मी म्हणालो, "बरोबर."

"राहू दे, अंकल," म्हणत बाई निघून गेल्या. त्याने माझ्या हातात केक ठेवला. "सगळ्यांना जवळ करायचं, काका. हाच खरा अर्थ."

मी तो खाल्ला. घरी बायकोला सांगितलं, सेक्रेटरीने नकार दिला. ते खोटं होतं. जागा माझी होती, नकारही मीच दिला.