अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

१४ मे. काम : आमसुलं उन्हात घालणं. ती घालता घालता मी सासऱ्यांचं गाऱ्हाणं मोडलं.

देवबागला आमच्या घरात पाहुणे राहतात आणि ओटीवर मी इंग्रजीची शिकवणी घेते. 'इन' कुठे, 'ऑन' कुठे, 'ॲट' कुठे, हे विचारून मुलं माझं डोकं खातात. पंधरा दिवस त्यांत आबांची, म्हणजे सासऱ्यांची, भर पडली होती.

"सूनबाय, 'लुक आफ्टर' आणि 'लुक फॉर' ह्यात फरक काय गो?"

"या वयात तुम्हाला कशाला हवंय ते, आबा?" (हे मी शिक्षिका असून बोलले!)

कशाला ते त्या सकाळी कळलं. परदेशी जोडपं होडीतून डॉल्फिन बघायला निघालं होतं. त्यांना सांभाळ असं देवाला गाऱ्हाणं घालायला आबा नारळ घेऊन तुळशीपुढे उभे राहिले आणि पाहुण्यांना समजावं म्हणून चक्क इंग्रजीत सुरू झाले! गाऱ्हाण्यात मधे बोलायचं नसतं. प्रत्येक मागणीला फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा! दीज गेस्ट्स अराइव्ह्ड टू अवर हाउस..."

"ॲट, आबा, ॲट!" मी आमसुलांमधून ओरडले.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. पाहुणेसुद्धा!

आबा पुढे म्हणाले, "प्लीज लुक फॉर देम इन द सी..."

"फॉर नको! देव त्यांना समुद्रात शोधत बसेल! आफ्टर!"

"व्हय म्हाराजा!"

"गप रव गो!" नवरा कुजबुजला. उशीर झाला होता. आबा देवाकडे पाठ करून माझ्याकडे वळले.

"गाऱ्हाणा देवाक घालतंय काय तुका?"

न फुटलेला नारळ माझ्या आमसुलांवर ठेवून ते आत गेले. होडीवाल्या बाबलने हात झटकले. "गाऱ्हाणा अर्धा, नारळ अख्खो. मी होडी काढूचंय नाय!" पाहुण्यांची दुसऱ्या दिवशी कुडाळहून गाडी. डॉल्फिन राहिले ते राहिलेच.

संध्याकाळी आबांच्या उशाशी वहीचं पान दिसलं. देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी, दोन जागी प्रश्नचिन्हं, आणि वर : 'सूनबायक विचारूचा.' विचारलं होतं की! लोकांच्या पोरांना वर्षानुवर्षं उत्तरं दिली. घरात विचारणारा एकच, त्याला उडवून लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या बॅगा अंगणात आल्या, तसा मी तोच नारळ आबांपुढे धरला.

"आबा, कालचं पुरं करा."

"आणि चुकलंय तर?"

"मी फक्त व्हय म्हाराजा म्हणेन."

आबांनी गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं. पाहुणे निघाले होते रेल्वेने, तरी मागणी समुद्रासकट! 'टू' आणि 'फॉर' कालच्याच जागी. मी जीभ दातांखाली धरली. शेवटी आबांनी पानावर नसलेली एक मागणी घातली : "अँड म्हाराजा, प्लीज शट अप माय डॉटर-इन-लॉ!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. करणार काय? तेवढं एकच वाक्य बिनचूक होतं!